चिंचोक्याच्या खळीचं विमान

लातूरहून नांदेडला मी एकदाच एसटीनं गेले आणि त्या एका खेपेत एक विमान मोडलं. विमान लाकडाचं होतं, मांडीवर घेऊन बसता येईल एवढं. पण मोडलं ते मोडलंच. घरात सगळ्यांना वाटतं, आजी तरुणपणी फार धीट होती, दुष्काळात एकटी मराठवाड्यात हिंडून आली. हिंडून आली खरी. कशी हिंडली ते तिनं कुणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणून आता लिहिते.

त्या प्रवासाची एक वही माझ्याकडे आहे, निळ्या पुठ्ठ्याची. चोवीस वर्षांची एक मुलगी तीत दर मुक्कामाला काहीबाही लिहीत होती. अक्षर सुंदर, डोकं रिकामं. वही वाचताना मला तिचे कान धरावेसे वाटतात. पण ते कान माझेच आहेत आणि आता त्यांतल्या एकात यंत्र बसवलंय.

मी मूळची चिपळूणची. पुण्यात एका लहानशा संग्रहालयात नोकरीला होते. वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायच्या, काचा पुसायच्या, शाळेची सहल आली की मुलांना तोफेवर बसू द्यायचं नाही, एवढं काम. आमचे साहेब सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एकदा लातूरचे एक डॉक्टर आले आणि जाताना एक लाकडी विमान भेट देऊन गेले. दुसऱ्या महायुद्धातलं बाँबफेकी विमान, लिबरेटर. चार इंजिनं, शेपटाला दोन पाती, पोट मोठं. साहेबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, आणि चहा गार होऊ दिला. रेणापूरच्या एका म्हाताऱ्या सुतारानं केलंय असं डॉक्टर म्हणाले होते. अशी आणखी चार आपल्या युद्धाच्या दालनात हवीत, असं ठरलं. बघून, पारखून यायला कुणीतरी जायला हवं होतं. जाणत्या मंडळींनी मराठवाड्यातल्या पाण्याची चौकशी केली आणि त्यांना कामं निघाली. मी हात वर केला.

लातूर

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. पाट्यांवरच्या 'जिल्हा उस्मानाबाद'वर पांढरा हात मारून 'जिल्हा लातूर' रंगवलेलं, आणि पांढऱ्याखालून जुनी अक्षरं डोकावत होती. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत. एका कचेरीच्या दारात अजून पिठाच्या गिरणीचं जातं पडलेलं. भेटेल तो मला एकच वाक्य ऐकवायचा. रिक्षावाल्यानं ऐकवलं, चहावाल्यानं ऐकवलं, दुकानात साबण घ्यायला गेले तर दुकानदारानं ऐकवलं: "आता उस्मानाबादला जायचं काम न्हाई." म्हणताना माणूस जरा ताठ व्हायचा. मग त्याची नजर वर आभाळाकडे जायची आणि तो पुन्हा होता तसा व्हायचा.

आभाळात काही नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. डाळीच्या गिरण्यांचा आवाज लातूरला कायम असतो म्हणे. मी गेले तेव्हा बऱ्याच गिरण्या गप्प होत्या. तुरीच्या टरफलांची बारीक धूळ मात्र सगळीकडे बसलेली, खिडक्यांच्या गजांवर, झाडांवर, माणसांच्या भुवयांवर. वहीत मी लिहिलंय, 'नगरावर जणू सुवर्णरज विखुरले होते.' त्या सुवर्णरजानं मला तीन दिवस खोकला होता, ते लिहिलेलं नाही.

उतरले डॉक्टरांच्या घरी. त्यांच्या आई, लुगडं नेसणाऱ्या, सडसडीत, मोजकं बोलणाऱ्या. सकाळी त्यांनी न्हाणीत अर्धी बादली पाणी ठेवलं आणि एक मोठं घमेलं. आमच्या चिपळूणला आंघोळ म्हणजे विहिरीवर जाऊन कळशीवर कळशी अंगावर ओतणं, पाणी पोफळींना जातं. मला वाटलं घमेलं चुकून राहिलं असेल. मी ते उचलून भिंतीला टेकवलं आणि ऐसपैस अंघोळ केली. बाहेर आले तर आई दाराशी उभ्या. घमेल्यात उभं राहून अंघोळ करायची, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी गायीला, असा त्या घरातला क्रम होता. त्यांनी कोरडं घमेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आज गायीला उपास," एवढं बोलून त्या आत गेल्या.

वहीत लिहिलंय, 'येथील लोक मितभाषी आहेत.'

रेणापूर

रेणापूरला जाताना दोन्ही बाजूंना काळी रानं. काळी म्हणजे कोकणातल्या माणसाला समृद्ध वाटतात, पण त्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, पाऊल आत जाईल एवढ्या. रस्त्याच्या कडेला बाया-माणसं खडी फोडत बसलेली, सरकारी कामावर. लांबवर तो टकटक आवाज एसटीच्या घरघरीतूनही येत होता. एकीनंही मान वर करून गाडीकडे बघितलं नाही. आमच्याकडे एसटी दिसली की म्हातारीसुद्धा कुंपणाशी येऊन उभी राहते.

सुतारांचं नाव मन्मथप्पा. सगळे आप्पा म्हणत, म्हणून मीही. पासष्टीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग. पोट भरायचं काम म्हणजे गिरण्यांच्या चाळण्यांच्या चौकटी करणं, दुरुस्त करणं. गिरण्या थांबल्यापासून ते काम थांबलं होतं आणि विमानं वाढली होती. घरात ते आणि त्यांची सून महानंदा. मुलगा पाझर तलावाच्या कामावर गेलेला.

विमानं फळीवर ओळीनं मांडलेली, वरून जुनं धोतर टाकलेलं. आप्पांनी फळीवरचं धोतर बाजूला केलं आणि मी, चोवीस वर्षांची, चिठ्ठ्या लिहिणारी, काय बोलावं ते न कळून गप्प झाले. त्या प्रवासात मी गप्प बसले अशी ही एकच वेळ, म्हणून मुद्दाम नोंदवते. धड पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, पंख सागाच्या पातळ फळीचे, घोटून घोटून बोटाला गुळगुळीत लागतील असे केलेले. पंखे पत्र्याच्या डब्यातून कापलेले. नाकाची काच इंजेक्शनच्या बाटलीची. पोटाचे दरवाजे तर बघत राहावेत असे. खऱ्या लिबरेटरचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत वर जात, असं आप्पा म्हणाले. यांनी बांबूच्या कामट्या दोऱ्यात ओवून तसे केले होते, आणि नखानं ढकलले की ते खरंच वर जात.

कुठंही खिळा नव्हता. मी विचारलं, सरसानं चिकटवता का? आप्पांनी कानाला हात लावला. सरस जनावराच्या कातड्याहाडांचा, लिंग धारण करणारा माणूस त्याला शिवत नाही. ते चिंचोके भाजून, दळून, शिजवून त्याची खळ करत आणि तिनंच सगळं जोडत. मी हे उत्साहानं वहीत लिहून घेतलं. पुढे कामी यायला हवं होतं, आलं नाही.

विमानं पाच होती. आप्पांनी चार बाजूला काढली आणि म्हणाले, ही तुमच्या सायबांची, खोकी करून पार्सलनं पाठवतो. मग पाचवं जवळ घेतलं.

"हे माझ्या कामाचं हाय. ताई, तुम्ही नांदेडवरून जाणार का?"

मी नांदेडवरून जाणार नव्हते. पुणे एका दिशेला, नांदेड दुसऱ्या. तरी मी हो म्हटलं. चोविसाव्या वर्षी माणूस रस्ता विचारायच्या आधी हो म्हणतो.

मग त्यांनी सांगितलं ते असं. लढाईच्या काळात ते आणि नांदेडचा दिगंबर, गिरणीतला फिटर, दोघं हैदराबादेत भरती झाले आणि बंगालकडच्या एका विमानतळावर दुरुस्तीला लागले. तिथला एक रिवाज होता. विमान दुरुस्त झालं की चाचणीच्या उड्डाणात दुरुस्ती करणाऱ्यांपैकी एकानं आत बसायचं, पाळीपाळीनं. आत बसायचं आहे म्हटल्यावर कुणी काम कच्चं ठेवत नाही. एका सोमवारी पाळी आप्पांची होती. ते लिंगपूजेला बसले होते. पूजा मोडून उठायचं नाही आणि पूजेआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. गाडी न्यायला आली, हाका झाल्या. दिगंबर म्हणाला, तू बस तुझ्या देवाशी बोलत, मी जाऊन येतो. विमान डोंगरांच्या बाजूला गेलं आणि परत आलं नाही. सापडलंही नाही.

दिगंबरच्या बायकोला सरकारी कागद गेला. आप्पांना तिला स्वतः जाऊन सांगायचं होतं. लढाई संपली, ते गावी आले, निजामाचं राज्य गेलं, बहात्तरचा दुष्काळ येऊन गेला, जिल्हा बदलला, आणि हे काम राहिलंच. मधल्या काळात ते तेच एक विमान पुन्हा पुन्हा करत राहिले. या पाचव्यात त्यांनी आत, बाजूच्या खिडकीशी, एक बाक केला होता. बोटाच्या पेराएवढा. दिगंबर तिथं बसला असणार.

"तिच्या म्होरं ठेवा. तो कुठं बसला व्हता ते दाखवा. आन् सांगा, पाळी माझी व्हती. ती काय म्हणती ते मला कळवा. बरं म्हणू दे न्हाईतर वंगाळ. मी नांदेडच्या वाटंवर लोह्यापर्यंत तीनदा जाऊन माघारी आलोय."

चुलीपाशी बसलेली महानंदा तव्यावरचं धपाटं उलटत म्हणाली, "आप्पांची येष्टी दर येळी लोह्यालाच बिघडती."

आप्पा हसले नाहीत. मी हसले.

त्यानंतर त्यांनी विमान खोक्यात कसं ठेवलंय, कसं न्यायचं, कशापासून जपायचं ते सावकाश समजावलं. मी मान हलवत होते आणि लिहीत होते. वहीत त्या पानावर काय लिहिलंय? 'त्यांच्या मुखावरील सुरकुत्या म्हणजे तहानलेल्या भूमीचा नकाशाच जणू.' ही ओळ मी मांडत होते नेमकं तेव्हा आप्पा सांगत होते, की याला ओल लागू देऊ नका, खळ सुटंल. आवाज कानावर पडल्याचं आठवतं. 'हो हो' म्हटल्याचंही आठवतं.

दुसऱ्या सकाळी निघताना महानंदानं धपाटी बांधून दिली आणि तोंडाला फडकं बांधलेली पाण्याची चरवी. त्या घरी दिवसाला दोन घागरी पाणी येत होतं आणि त्यासाठी ती पहाटे कोसभर जात होती, हे मला आदल्या संध्याकाळी कळलं होतं. तरी चरवी मी घेतली. ती म्हणाली, जपून प्या ताई, लोह्यापर्यंत कुठं मिळायचं न्हाई.

चाकूरच्या अलीकडे

लातूरहून नांदेडची गाडी दुपारची मिळाली. खोकं माझ्या शेजारच्या बाकावर, त्यावर गोणपाट, गोणपाटावर माझा हात. पलीकडे डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, मांडीवर कोंबडी. बाईचं माहेर लोह्याचं, एवढं तिनं बसल्या बसल्या सांगितलं. कोंबडीनं चोच उघडी ठेवली होती.

ऊन काय होतं ते कोकणातल्यांना सांगून समजणार नाही. आमचं ऊन घामानं ओलं असतं. हे ऊन कोरडं, ओठांची साल काढणारं. खिडकीचा पत्रा हात लावू देत नव्हता. शेतं संपायची आणि पुन्हा शेतंच लागायची, सगळी उघडी. एका विहिरीवर माणसं आत वाकून बघत होती. गाडी पुढे गेली तरी ती वाकलेलीच दिसत राहिली.

चाकूर यायच्या आधी खोक्यातून 'टक्' असा आवाज आला. जरा वेळानं पुन्हा 'टक्'. लाकूड तापत होतं. आणि मला माझ्या मामांची होडी आठवली. वैशाखात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की मामा तिच्यावर ओलं गोणपाट टाकायचे, दिवसातून दोनदा पाणी मारायचे. लाकूड वाळलं की फळ्या उलतात, सांधे उघडतात, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. मी फार शहाणी झाले. चरवीचं फडकं सोडलं आणि गोणपाटावर पाणी शिंपडलं. 'टक्' थांबलं. मला इतका आनंद झाला, की सगळी चरवी हळूहळू तिथंच रिकामी केली.

गाडीतली माणसं बोलायची थांबली होती. कोंबडीवाली बाई माझ्याकडे वळली.

"लाकडाला पाणी पाजायल्या का, बाई?"

मी तिला समजावून सांगितलं, की लाकूड सुकलं तर तडकतं. ती कोंबडीकडे बघून म्हणाली, हाव, माणसाचंबी तसंच हाय. मी तिचं बोलणं वहीत घेतलं नाही. माझ्या नकाशाच्या ओळीपुढे ते मला साधं वाटलं असणार.

आणि मग गाडी तापली. चाकूर दोन कोस राहिलं असताना झाकणाखालून वाफा यायला लागल्या. कंडक्टर प्रत्येकाशी येऊन पाणी आहे का विचारत मागे आला. माझ्यापाशी आला, रिकामी चरवी बघितली, ओलं गोणपाट बघितलं. कुणीच काही बोललं नाही, आणि त्या लोकांचं न बोलणं काय असतं ते मला लातूरच्या न्हाणीपासून माहीत होतं. क्लीनर कॅन घेऊन चालत गेला. तो येईपर्यंत दोन तास आम्ही त्या उन्हात बसून होतो. गोणपाटाखालून चिंचेचा मंद वास येत होता. मला वाटलं, जवळपास चिंचेचं झाड असेल. मी मान काढून शोधलंही.

अहमदपूर सोडलं आणि एका खड्ड्यात खोक्याच्या आत काहीतरी घसरलं.

उघडून बघितलं. एक पंख धडापासून सुटून तळाशी गेला होता. दुसरा हात लावताच हातात आला. शेपटाची दोन पाती, चारी इंजिनं, सगळी मोकळी. कामट्यांचे दरवाजे उलगडून पडलेले. सांध्यांत तपकिरी चिकट खळ, बोटाला लागत होती. बाक तेवढा जागेवर होता. तो धडातूनच कोरलेला होता.

मी काय केलं असेल? धपाट्याचा चुरा घेतला. वाटलं, भिजवून त्यानं चिकटवावं. भिजवायला पाणी नव्हतं. चरवी उपडी केली, थेंबही नाही.

"थुकी लावा," कोंबडीवाली बाई म्हणाली.

मी लावून बघितली. तोंडात तीही नव्हती.

लोह्याला ती उतरली. जाताना तिनं माझ्या खोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. त्या स्टँडकडे बघत मला वाटलं, आप्पा तीनदा इथूनच माघारी गेले. मलाही जावंसं वाटलं. पण गाडी सुरू झाली आणि मी तिच्यात होते. नांदेडला मी गेले ती एवढ्याच कारणानं. धीट होते म्हणून नाही.

नांदेड

गोदावरी मी मोठी समजत होते. पुलावरून पाहिलं तर वाळू, वाळूत डबकी, डबक्यांत कपडे धुणाऱ्या बायका. वहीत त्या जागी एक आडवी रेघ आहे. तोवर उपमा संपल्या होत्या.

दिगंबरच्या बायकोचं, शेवंताबाईंचं घर नदीपासून थोडं आत, एकच खोली, पुढे अंगण आणि अंगणात मोठं चिंचेचं झाड. ज्या वासाचं झाड मी चाकूरला शोधत होते ते इथं होतं. झाडाखाली त्या चिंचा फोडत बसल्या होत्या. गर एका सुपात, चिंचोके एका ढिगात. त्यांचा धंदाच तो. शाळेत आयाची नोकरी करून मोकळ्या झालेल्या, आता चिंच फोडून विकत. वय साठीच्या अलीकडचं. सतराव्या वर्षी विधवा झाल्या तेव्हापासून त्या एकट्याच.

मी कोण ते सांगितलं. रेणापूरचं नाव काढल्यावर त्यांचा हात थांबला. मग मी खोकं उघडलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. एकेक तुकडा काढून अंगणात त्यांच्यापुढं ठेवला, पंखाच्या जागी पंख, शेपटाच्या जागी शेपूट.

त्यांनी एक पंख बोटानं सरळ केला. मग विचारलं, "असंच पडलं व्हय ते?"

'हो' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. मोडकं विमान मुद्दाम मोडकं झालं असतं, आणि मी तशी मुलगी होतेही. पण त्या वर माझ्याकडे बघत होत्या, आणि मला जमलं नाही. मी म्हटलं, नाही हो, हे मी मोडलं, मी याच्यावर पाणी शिंपडलं.

त्यांच्या तोंडाला पदर गेला. मला वाटलं रडल्या. त्या हसत होत्या.

"दुष्काळात पाणी शिंपडलंस. तेबी लाकडावर. कुठली गं तू?"

चिपळूणची, म्हटलं. त्यांनी ते गाव ऐकलेलं नव्हतं. तिथं पाणी आहे का, विचारलं. आहे, म्हटलं, नको एवढं.

मग मी धड उचलून त्यांना बाक दाखवला. त्यांनी डोळ्यांशी नेलं. अंगठा त्या बाकावर ठेवला. अंगठ्याखाली बाक दिसेनासा झाला. खिडकी इतकी जवळ होती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होती, आप्पांनी तसं सांगितलंय. मग खाली दिसलं असंल त्यांना सगळं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि धड खाली ठेवलं. सावकाश. तेवढं जपून ते माझ्या हातून एकदाही ठेवलं गेलं नव्हतं.

आता उरलेलं सांगायचं होतं. मी सांगितलं: सोमवार, पूजा, पाळी. सांगताना चिंचा फोडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. संपलं तरी तो चालू राहिला.

"पाळी त्या दिशी कुणाची का असंना," त्या म्हणाल्या. "हे गेले ते आपल्या पायानं गेले. पन मला येऊन सांगायची पाळी तर भाऊजींचीच व्हती ना? ती तुझ्यावर कशी काय ढकलली?"

भाऊजी. त्यांच्या लग्नात आप्पा नवऱ्यामागं उभे होते, त्यानंतर त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. तरी भाऊजी.

त्यांनी तुकडे एकेक करून पदरात घेतले, आत नेऊन भिंतीतल्या देवळीत ठेवले. बाहेर येऊन विचारलं, हे कशानं जोडतात ते? मी चिंचोक्याची खळ सांगितली, सरस का चालत नाही तेही सांगितलं. त्यांनी पायाशी पडलेल्या ढिगाकडे बघितलं. लातूरहून आणलेल्या सगळ्या उदासीत तेवढी एक गोष्ट चांगली घडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"त्यांना म्हणावं, मोडलंय. येऊन जोडून द्या. दुसऱ्या कुणाकडून मी जोडून घेणार न्हाई. चिंचोके हितं लई हायेत, ठेवते म्हणावं. सांगशील ना गं?"

"सांगते," मी म्हटलं.

त्यांनी मला भाकरी, शेंगाची चटणी आणि तांब्याभर पाणी दिलं. पाणी मी घोट घोट पिऊन संपवलं, खाली एक थेंब सांडू न देता. शिकले ते एवढंच.

पुणे

पुण्याला येऊन मी कार्ड घेतलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. निरोप सांगायचा तर विमान मोडल्याचं सांगायला हवं, मोडल्याचं सांगायचं तर पाण्याचं, आणि पाणी महानंदाच्या चरवीतलं. शिवाय चार विमानं अजून यायची होती. आप्पा रागावले आणि त्यांनी ती पाठवलीच नाहीत तर साहेबांना काय सांगू? हे सगळं मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही. मी म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला कशाला घोर. आणि लिहिलं:

'विमान सुखरूप पोचले. शेवंताबाईंना फार आवडले. पाळीचे सांगितले. त्या म्हणाल्या, ते आपल्या पायांनी गेले. त्यांच्या मनात काही नाही.'

यातलं बरंचसं खरं आहे. तेच वाईट आहे.

महिन्यानं उत्तर आलं, महानंदाच्या वळणदार अक्षरात, आप्पांनी सांगून लिहवलेलं. चार विमानं पाठवली आहेत. गिरण्या अजून बंद आहेत. पाऊस नाही. आणि शेवटी: 'तुमचे लई उपकार झाले. आता मला नांदेडला जायचं काम न्हाई.'

लातूरच्या रिक्षावाल्याचं वाक्य. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. कार्ड मी वहीत चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'एका वृद्ध हृदयास शांती देता आली.' ही ओळ मी आजवर किती वेळा वाचली असेल. दर वेळी वाटतं, हिला त्या घमेल्यात उभी करावी आणि गावातल्या सगळ्या गायींचं पाणी हिच्या डोक्यावर ओतावं. पण पाणी वाया जाईल.

दोन वर्षांनी महानंदाचं आणखी एक कार्ड आलं. आप्पा गेले. शेवटी शांत होते, तिनं लिहिलं होतं. विमान करायचंही सोडलं होतं, म्हणायचे, झालं ते काम. त्यांनी पाठवलेली चार विमानं आमच्या दालनात काचेमागे होती, दरवाजे बंद. मी रोज काच पुसायची.

मग माझं लग्न, मुलं. आठ-नऊ वर्षांनी एका लग्नाला नांदेडला गेले. त्या साली नदीला पाणी होतं. मांडवातून निघून मी एकटीच चिंचेचं झाड शोधत गेले. झाड होतं. खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई बाहेर आली. शेवंताबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या, म्हणाली. मी रेणापूरचं विमान आणलेली, असं सांगितल्यावर तिनं मला बसायला सांगितलं आणि किल्ली घेऊन आत गेली.

फडक्यात बांधलेले विमानाचे तुकडे तिनं आधी आणून दिले. मग एक गोडेतेलाचा मोठा डबा ओढत आणला. झाकण उघडलं. काठोकाठ चिंचोके, धुऊन वाळवलेले, काळेभोर. दर हंगामाला शेवंताबाई जुने काढून नवे भरायच्या. लातूरकडून एक माणूस यायचाय म्हणायच्या, आला तर मी नसले तरी हे त्याला द्यायचं.

"ते आलेच न्हाईत," बाई म्हणाली. "निरोप मिळाला न्हाई का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याजवळच राहिला."

तिला ते कळलं नसावं. ती दाराला कुलूप लावायला वळली. मी फडकं काखेत धरलं आणि डबा उचलला. दोन्ही हात लागले.